फॉदरिंगे हा ब्रिटिश फोक-रॉक बँड नेमका कशामुळे मोडला? (खर्ज, मध्यलय, साउंडचेक ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं.)

खर्ज
गायिका सँडी डेनीने 1969च्या अखेरीस फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड सोडला, 1970च्या सुरुवातीला फॉदरिंगे उभा केला आणि जानेवारी 1971मध्ये त्याचा गाशा गुंडाळला. माझ्या मते हे निर्माता जो बॉइडच्या दबावामुळे झालं. त्याला सँडी एकटी गायला हवी होती. पहिला अल्बम ब्रिटनच्या विक्री-यादीत 18व्या क्रमांकापर्यंत गेला होता, दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण सुरू होतं. असा बँड कोणी मोडतं का?

त्या पहिल्या अल्बमवरचं 'बँक्स ऑफ द नाइल' ऐका. आठ मिनिटांचं पारंपरिक गीत. इजिप्तच्या लढाईवर निघालेल्या प्रियकराला प्रेयसी विनवते, मलाही सोबत ने. गेरी कॉनवेचे ड्रम्स कुठेच ठेका रेटत नाहीत, ते सँडीच्या श्वासामागून चालतात. अशी साथ सहज जमत नाही.

मध्यलय
साथीबद्दल वाद नाही, पण बॉइडचं म्हणणं चूक नव्हतं. अल्बमवर नऊ गाणी. त्यातली तीन बँडचाच गायक-गिटारवादक ट्रेव्हर लुकासच्या मुख्य आवाजात, एक दोघांचं. सँडीच्या वाट्याला उरली पाच. त्याच वर्षी मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका निवडलं होतं! लुकासचा आवाज भारदस्त आहे, 'नेड केली' या गाण्याला शोभतोही. पण बॉब डिलनचं 'टू मच ऑफ नथिंग' या अल्बमवर कशासाठी? त्या जागी सँडीची स्वतःची रचना हवी होती.

साउंडचेक
तुम्ही दोघंही पैशाचं बोलत नाही. बँडने प्रचंड ध्वनियंत्रणा घेतली होती, तिला नावच 'स्टोनहेंज' पडलं होतं. एवढे स्पीकर न्यायचे म्हणजे मोठा ट्रक, चढवा-उतरवायला जास्त माणसं, जोडणीला जास्त वेळ. हा खर्च प्रत्येक कार्यक्रमामागे येतो. सभागृह लहान असेल तर तिकिटांतून निघत नाही. शिवाय गाणी अशी, की निम्मी ताकद शांततेत. 2 ऑक्टोबर 1970ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांच्याआधी एल्टन जॉन वाजवून गेला आणि सभागृह खिशात घालून गेला. त्यानंतर हळुवार गाण्यांनी रंग भरणं किती कठीण!

खर्ज
खर्च मान्य. पण त्यावर उपाय होता: यंत्रणा विका, लहान घ्या. गायिकेला बँडमधून काढून तो खर्च कसा भागणार?

आणि मध्यलय, 1971चा तिचा एकल अल्बम घ्या. त्यावर वाजवतंय कोण? फॉदरिंगेचेच डोनाह्यू, डोनाल्डसन, कॉनवे, लुकास! रिचर्ड थॉम्पसन आणि आणखी काही वादक वाढले, एवढंच. 'लेट नोव्हेंबर' आणि 'जॉन द गन' ही गाणी फॉदरिंगेने आधीच ध्वनिमुद्रित करायला घेतली होती. माणसं तीच, गाणी तीच; फक्त पाटी बदलली. आणि ज्याच्यासाठी हे सारं, तो बॉइड वॉर्नर कंपनीतल्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला निघून गेला.

मध्यलय
पाटीनेच फरक पडला. त्या अल्बमवर लुकास मुख्य गायक नाही, बहुतेक गाणी तिची स्वतःची. फॉदरिंगेत हे घडलं नसतं. याचा पुरावा दुसऱ्या अल्बमच्या त्या अर्धवट फितींतच आहे. डोनाह्यूने कॉनवे आणि डोनाल्डसनला घेऊन त्या पूर्ण केल्या आणि 2008मध्ये अल्बम निघाला. अकरा गाणी, त्यांत सँडीच्या लेखणीतली दोनच: तू वर सांगितलीस तीच.

खर्ज
अर्धवट फितींवरून पूर्ण अल्बमचा हिशेब मांडू नकोस. त्याच फितींतलं 'वाइल्ड माउंटन थाइम' ऐक आणि मग सांग, हा बँड थकला होता का.