एडवर्ड लिअर: जागेवर पेन्सिल, रंग नंतर. नेमकं कसं जमवायचा?

रेघोट्या:
इंग्रज चित्रकार लिअरची (१८१२–१८८८) ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, भारत इथली निसर्गचित्रं पाहताना दोन प्रश्न पडतात.
१. जागेवर तो बहुतेक वेळा नुसती पेन्सिल चालवायचा आणि रंग कित्येक महिन्यांनी भरायचा. मग रंग लक्षात कसे राहायचे? आज तसं करायचं झालं तर क्रम काय ठेवावा?
२. हाच माणूस लिमरिकं, म्हणजे पाच ओळींच्या गमतीदार कविता, लिहायचा. त्या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

जलरंगी:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो लक्षात ठेवतच नव्हता, लिहून ठेवायचा. कागदाच्या तळाशी ठिकाण, तारीख, वेळ आणि चित्राचा क्रमांक. चित्राच्या आत, ज्या भागाचा जो रंग तो त्याच भागावर शब्दांत. स्पेलिंगचीही तिथे मस्करी चाले, खडकांना ‘rocks’ऐवजी शेवटी एक्स लावून ‘rox’. पुढे मुक्कामी बसून पेन्सिलवर सेपिया (तपकिरी) शाई फिरवायची आणि मग जलरंगाचे पातळ थर द्यायचे. शाई फिरवताना ते शब्दही गिरवले जात, म्हणून ते आजही वाचता येतात.

वेळेची नोंद शोभेची नव्हे. सकाळी सात की दुपारी चार हे कळलं की ऊन कुठून येत होतं ते कळतं, आणि घरी सावल्या उलट्या पडत नाहीत.

आज करायचं तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) जलरंगाचा कागद आणि एचबी पेन्सिल घ्या, रेघ हलकी ठेवा. नुसतं ‘निळा डोंगर’ लिहून भागत नाही. रंगाबरोबर गडदपणाचा आकडाही लिहा: १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे सगळ्यात गडद. ‘राखाडी निळा, २’ एवढं पुरतं. आकडे नसले की घरी रंग बरोबर येतो पण लांबचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसतो. चित्रं फसतात ती बहुधा इथेच.

नको असलेली पेन्सिल रंगाआधीच खोडा. थर वाळला की खालची रेघ नीट निघत नाही, खोडरबराने कागदच खरवडला जातो. शाई सगळीकडे एकाच जाडीची नको. लांबच्या रेघांसाठी शाईत पाणी घाला, जवळच्यांसाठी दाट वापरा.

पोपटपंची:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लिअर आधी पक्षिचित्रकार होता, हे विसरलं की कोडं पडतं. १८३० ते १८३२ मध्ये त्याने पोपटांची ४२ शिळाछापं (दगडावर रेखाटून कागदावर घेतलेले छाप) काढली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पक्षी समोर ठेवून. रखवालदार पक्षी धरून उभा आणि हा मापं घेतोय, असा प्रकार. शिळेवर रेखाटनही स्वतःच करायचा. मग लॉर्ड डर्बींच्या नोस्ली इथल्या खासगी प्राणिसंग्रहाची चित्रं काढायचं काम मिळालं, आणि तिथल्या मुलांना हसवता हसवता लिमरिकं झाली. ती १८४६ मध्ये टोपणनावाने छापली.

आता त्यातली माणसं बघा. चवड्यांवर उभी, हात पंखांसारखे मागे फेकलेले, नाकाची चोच. माणसांच्या अंगात पक्षी शिरलाय! रचनेत पहिल्या ओळीत गावाचं नाव येतं आणि पाचवी ओळ बहुतेकदा त्याच नावावर परतते. म्हणजे नकाशा यमकासाठीही कामाला आला. माझ्या मते कप्पे वेगळे नाहीतच.

नकाशेवाला:
+१. त्यात भारताची भर घालतो. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून तो नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि १८७५ च्या सुरुवातीला परतला. दार्जिलिंगच्या रेखाटनांवरून पुढे कांचनगंगेची तीन मोठी तैलचित्रं केली. इथेच लिहिलेल्या एका कवितेत नायिका धोब्यावर बसते, खानसामे झाडांसारखे वाढतात आणि खिदमतगार वेलींसारखे लोंबतात. हे शब्द आपल्या ओळखीचे, म्हणून आपल्याला हसू दुप्पट येतं. त्याच्या रेखाटनांचा मोठा साठा हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे.

रोखठोक:
प्रेरणा वगैरे ठीक, पण पोटाचंही बोला. १८३७ मध्ये तो रोमला गेला तो डोळे आणि छाती दगा देऊ लागली म्हणून. बारीक पिसं काढणं झेपेना, इंग्लंडचा हिवाळा सोसेना. शिवाय लहानपणापासून अपस्मार, तो त्याने जन्मभर लपवला. पैशांसाठी घाऊक जलरंगही केले: अनेक कागद ओळीने मांडायचे, सगळ्यांवर आधी पेन्सिल, मग सगळ्यांवर एकेक रंग. या चित्रांना तो स्वतःच ‘टायरंट’, म्हणजे जुलमी, म्हणायचा. ती निर्जीव वाटतात, आणि नोंदींवरून रंगवण्याचा धोका तोच आहे. १८५२ मध्ये चित्रकार होल्मन हंटने त्याला सांगितलं की सिसिलीतल्या सिराक्यूजच्या चित्रातले खडक आणि अंजिराचं झाड इंग्लंडमध्येच शोध आणि समोर बघून रंगव. हा उपाय आजही लागू आहे.

रेघोट्या:
सगळ्यांचे आभार. सेपिया शाई कुठलीही चालेल का? रंग देताना रेघ फुटते.

जलरंगी:
फुटते म्हणजे शाई डाय-बेस्ड (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असणार. पिगमेंट-बेस्ड (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली घ्या. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ मारा, दहा मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. रेघ तरीही पसरली तर आधी रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर शाई.