चुनाला फोडणी की चुन्याला फोडणी?

पऱ्हाटी
दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या बाया रोजच्या सैपाकाची एक छोटी पुस्तिका काढताहेत. सांगणाऱ्या आया-आज्या, लिहून घेणारी मी. काल प्रूफं परत आली. मी लिहिलं होतं, "चुनाला फोडणी जरा जास्तच लागते." प्रूफात झालंय, "चुन्याला फोडणी जरा जास्तच लागते." पुढे "चुनात गोळ्या राहू देऊ नये" याचं "चुन्यात". असं सात ठिकाणी. आणि समासात पेन्सिलीनं प्रश्न: "खाण्याचा चुना का? प्रमाण द्यावे."

हसून झालं, पण अडचण खरी आहे. छापणारा म्हणतो, सरळ 'पिठलं' करा, सगळ्यांना कळेल. गटातल्या निम्म्या बाया म्हणतात, करून टाक बाई, पुस्तक जिल्ह्याबाहेर गेलं पाहिजे. माझी आई म्हणते, मी जन्मात पिठलं केलं नाही. आता चाळीस वर्षं रोज संध्याकाळी तिनं काय केलं, ते तुम्हीच ठरवा.

तर, चून आणि पिठलं एकच का? आणि पुस्तकात काय ठेवू? सोमवारी प्रूफं द्यायची आहेत.

तिफन
काहून बदलता बाप्पा? वावरातून आलं, हातपाय धुतले, चून-भाकर घेतली अन् बुक्कीनं कांदा फोडला का झालं जेवन. पिठलं हा शब्द मले पयल्यांदा शाळेच्या पुस्तकात दिसला. मले वाटलं इठ्ठलाचंच काही असन.

शुद्धमती
मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून त्या बिचाऱ्याची बाजू मांडते. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा ऊ विभक्ती लागताना ऱ्हस्व होतो: फूल-फुलात, मूल-मुलाला, तसं चून-चुनाला. म्हणजे पऱ्हाटीताई, तुमचं रूप चोख आहे. पण ज्याच्या कानावर 'चून' कधी पडलाच नाही, त्याच्या डोळ्याला 'चुनाला' ही 'चुन्याला'ची चूकच दिसणार. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

राहिला दुसरा प्रश्न. पाककृतीचं पुस्तक वाचून माणूस हात चालवणार. तिथे बोलीचा हट्ट कशाला? 'पिठलं' ठेवा, कंसात 'चून' द्या.

तिफन
ताई, कंसात तुमी बसा न. पुस्तक दर्यापूरचं हाय.

जुना मास्तर
भांडू नका. संस्कृत चूर्ण, प्राकृतात चुण्ण, त्याचं चून. आणि चुनाही त्याच चूर्णाचा. सख्खे भाऊ आहेत, एक चुलीवर गेला, एक पानदानात. प्रूफवाल्यानं फार तर भावाला भावाच्या नावानं हाक मारली.

गंमत पुढे आहे. चून म्हणजे मुळात पीठ. हिंदीत अजूनही तोच अर्थ, रहीमच्या दोह्यात 'मोती, मानुष, चून' येतं ते आठवा. पिठल्याचंही तसंच: पिष्ट, पीठ, पिठलं. आणि आमच्या वर्धा-नागपुराकडे "आज बेसन केलं" म्हणतात, तिथेही पिठाचंच नाव कढईला चिकटलं. तीन मुलखांनी तीन शब्द घेतले आणि तिघांनीही एकच युक्ती केली.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश माळ्यावर आहे. काढून 'चून' बघतो आणि सांगतो.

नळगंगा
मास्तर, माझा अंदाज वेगळा आहे. आमच्या मलकापूरकडे अन् अकोल्याच्या दालमिलांत डाळ भरडताना जो बारीक तुकडा-भुकटी पडते तिला चुनी म्हणतात. सरकीच्या ढेपेसोबत ढोरांना घालतात. माझं म्हणणं असं, की डाळ विकायला जायची आणि गरिबाच्या घरी चुनी उरायची. तिचंच पाण्यात शिजवून केलं ते चून. शब्द संस्कृतातून नाही, जात्याच्या तोंडून आला.

जुना मास्तर
चुनीसुद्धा चूर्णातूनच आली हो. जात्याचं तोंड आणि संस्कृत यांत भांडण नाही.

नळगंगा
तुमच्याकडे सगळंच चूर्णातून येतं.

रातांबा
मधेच बोलतो, माफ करा. आमच्या कोकणात चून म्हणजे मोदकात भरायचं गूळखोबरं. शीर्षक वाचून मी दचकलो, मोदकाच्या चुनाला फोडणी देणारी ही माणसं कोण? मग दर्यापूर वाचलं.

तिफन
गूय-खोबऱ्याले चून म्हन्ता? मंग आमी तुमच्या घरी पावने आलो अन् चून मांगितलं त काय देसान?

रातांबा
मोदक. तोट्यात नाही राहणार.

शुद्धमती
हेच म्हणतेय मी! एकाच शब्दाचे वऱ्हाडात, कोकणात वेगवेगळे अर्थ निघतात, म्हणून तर प्रमाण शब्द लागतो. शिवाय मास्तर म्हणतात तसं हिंदीतही चून आहे, तेव्हा तो हिंदीतूनच आला नसेल कशावरून? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. आलू, टमाटर, फल्ली, अशी किती तरी भर त्या वाटेनं पडली आहे.

जुना मास्तर
टमाटरचं मान्य. पण वऱ्हाड आणि नागपूर एका दावणीला बांधू नका. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे, मग इंग्रजांकडे. हिंदीचा ओघ नागपूरला जास्त, आणि तिथे नेमकं चून कमी नि बेसन जास्त ऐकू येतं. चून उलट दर्यापूर-अकोट-मूर्तिजापुरात पक्कं. शिवाय बेसनाला तरी परकं का म्हणायचं? संस्कृतात वेसन आहे.

आणि प्रमाणाचंच म्हणाल, तर मराठीतला पहिला गद्य ग्रंथ, लीळाचरित्र, आमच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिला गेला, तेराव्या शतकात. प्रमाण कुठून निघालं आणि कुठे जाऊन बसलं, ते बघा.

शुद्धमती
रिद्धपूर आलं म्हणजे आता वाद संपला असं समजायचं असतं का? प्रत्येक धाग्यावर येतं म्हणून विचारते.

पऱ्हाटी
माझा पहिला प्रश्न राहिला बरं का. आई काय करते ते लिहिते, मग सांगा पिठलं आहे का.

लोखंडी कढई. फल्लीचं तेल, कंजुषी न करता. मोहरी-जिरं, मग खलबत्त्यात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिर्ची. ठसका लागून घरातली सगळी खोकायला लागली की हळद. मग पाणी, मीठ. पाण्याला उकळी आली की डाव्या हातात कोरडं बेसन घेऊन बोटांच्या फटीतून भुरभुर सोडायचं आणि उजव्या हातानं सराटा फिरवत राहायचं. हात थांबला की गोळ्या. घट्ट व्हायला लागलं की ते बुड-बुड करत उडतं. आईच्या उजव्या मनगटावर त्याचे तीन-चार जुने डाग आहेत. मग झाकण, मंद आच, वरून सांबार. बुडाला जी खरवड लागते तिच्यावरून आम्हा भावंडांची मारामारी. भाऊ कढई घेऊन अंगणात पळायचा.

मी पुण्यात वसतिगृहात होते तेव्हा पिठलं म्हणून जे मिळायचं, त्यात पीठ आधी थंड पाण्यात कालवलेलं असायचं. पातळ, गुळगुळीत, ताटात पसरणारं. ते वाईट नव्हतं. पण भाकरीवर थांबत नव्हतं.

शुद्धमती
आमच्याकडेही उकळत्या पाण्यात कोरडंच पीठ पेरतात आणि त्याला पिठलंच म्हणतात. वसतिगृहाच्या आचाऱ्यावरून पुण्याचा न्याय करू नका. पण एक विचारते, पिठल्यावर सांबार? इडलीचं?

तिफन
😂😂

नळगंगा
आलं, सांबार आलं. ताई, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजारात दहा रुपयांचा सांबार मागितला की जुडी हातात पडते.

शुद्धमती
हे ऐकलं होतं, पण कुणी खरंच लिहितं हे आज पाहिलं. पुस्तकात असंच छापणार? तंजावरच्या मराठ्यांनी संभाजीराजांच्या नावावरून सांबार हे नाव दिलं म्हणतात, त्याचा आणि कोथिंबिरीचा काय संबंध?

जुना मास्तर
ती दंतकथा गोड आहे, पुरावा मागू नये. संस्कृतात संभार म्हणजे साहित्य, सामग्री. वरून घालायचा मालमसाला तो संभार, त्यातून दक्षिणेत आमटी झाली असेल आणि आमच्याकडे कोथिंबीर उरली असेल. हा माझा तर्क, कोश नाही.

वैनगंगाकाठ
सगळे हरभऱ्याचंच धरून चाललेत. आमच्या भंडाऱ्याकडे लहानपणी पीठ लाखोळीचं असायचं. धान उभं असतानाच बांधीत लाखोळी फेकायची, उतेरा म्हणतात. धानाच्या ओलीवर ती येते, वेगळी नांगरट नाही. १९६१ साली विक्रीवर बंदी आली, कारण महिनोन्‌महिने तीच एक डाळ खाल्ली की पाय लुळे पडतात. पण बंदी बाजाराला, घरच्या कणगीला कोण विचारतो? आजी पीठ करायच्या आधी डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायची. का ते तिनं सांगितलं नाही, तिच्या सासूनं सांगितलं होतं एवढंच.

तर आमच्याकडे 'बेसन' म्हणजे हरभरा असा अर्थच नव्हता. कुठल्याही डाळीचं पीठ ते बेसन. मग पुस्तकात बेसन लिहिलं की कुठली डाळ, तेही लिहावं लागेल.

पऱ्हाटी
हे छान सांगितलंत. आमच्याकडे हरभराच, पण तेही लिहावं लागेल हे लक्षातच आलं नव्हतं.

नळगंगा
मला वाटतं सगळा घोळ पाण्याचा आहे. पाणी भरपूर, पीठ नावाला, त्यात पालक किंवा सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे: ते आलन. पाणी कमी केलं की चून. अजून कमी केलं, कांदा वाढवला, मोकळं झालं की झुणका. आणि घट्ट शिजवून ताटात थापलं, वड्या कापल्या की पाटोडी. एकच बेसन, पाण्यावर नाव बदलतं. त्यामुळे चून = पिठलं हे समीकरण बरोबर आहे, फक्त काठावरचं पिठलं चून नाही.

तिफन
लय नामी सांगितलं. पन माह्या सासरवाडीत या चारी गोष्टीले 'बेसन'च म्हन्तात. पातय बेसन, घट्ट बेसन, सुकं बेसन. आता काय करता?

अन् झुनक्याचं म्हनान त १९९५ मधे एक रुपयात झुनका-भाकर आली तवा आमच्या बसस्टँडवर पाटी लागली. सारे धावले. ताटात पायतो त चून! आबा म्हने, मुंबईवाल्यायनं आपल्या चुनाचं नाव बदलवलं.

जुना मास्तर
झुणका उत्तर कर्नाटकातही ज्वारीच्या रोटीबरोबर खातात, तेव्हा मुंबईवर सगळं ढकलू नका. आलनाचं मात्र बोला. मूळ शब्द आळण, आळणे म्हणजे आटून दाट होणे. 'अळणी'शी गल्लत नको, ते अलवण, मीठ नसलेलं.

शुद्धमती
आळणाला 'आलन' लिहायचं आणि वर मला प्रमाण शिकवायचं?

नळगंगा
पण ताई, इथे एक कोडं आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा-डोया, काळा-काया, गूळ-गूय. मग आळणचं आयन व्हायला हवं, आलन कसं झालं?

तिफन
आमच्या घरी आयनच म्हन्तात.

वैनगंगाकाठ
आमच्याकडे आलन. आयन ऐकलं नाही.

नळगंगा
म्हणजे पूर्वेकडे ल, पश्चिमेकडे य? अमरावतीकर काय म्हणतात?

पऱ्हाटी
आई आयन म्हणते, वहिनी आलन म्हणते. वहिनी उमरेडची. पण मंडळी, चून!

माझा पण एक तर्क मांडते, वाटल्यास खोडा. आमचा सगळा पट्टा खारपाणाचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. विहिरीचं पाणी खारट, जड. त्यात तुरीची दाळ टाकली की तासभर उकळली तरी दाणा कडक, क्षार तिला मऊ होऊच देत नाहीत. आई गोड्या पाण्याचा एक हंडा फक्त वरणासाठी वेगळा ठेवायची. पिठाला ती भानगड नाही, कुठल्याही पाण्यात दहा मिनिटांत शिजतं. म्हणून आमच्याकडे वरण सणाला आणि चून रोज. तिला 'पिठलं' परकं वाटतं ते यामुळेही असेल. आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, कुकर आहे, दाळ शिजते. तरी संध्याकाळी चूनच होतं.

रातांबा
हे पुस्तकात लिहा. शब्दाचं काहीही करा, पण पाण्याचं लिहा.

शुद्धमती
यावर माझं दुमत नाही. शीर्षक 'चून' ठेवा, खाली हे चार ओळींत लिहा, आणि 'चुनाला'वर प्रूफात मोठ्या अक्षरांत 'आहे तसेच ठेवावे' लिहा. पण सांबाराला कोथिंबीर करा. तेवढं माझं ऐका.

तिफन
नाई करत.

जुना मास्तर
माळ्यावर चढलो. कोशाचे दोनच खंड हाती लागले, त्यांत च नाही. बाकीचे मुलीकडे गेले असावेत. गुडघा मात्र दुखतोय.

नळगंगा
मास्तर, त्या खंडांत 'आ' आहे का? आळण बघा की.

जुना मास्तर
उद्या.

धुऱ्यावरचा
नवीन आहे, सोलापूरकडचा. सगळा धागा वाचला. चून कळलं, सांबार कळला, आयन-आलनही कळलं. पण पऱ्हाटीताईंच्या आई उकळत्या बेसनात सराटा फिरवतात म्हणजे नक्की काय करतात? आमच्याकडे सराटा म्हणजे गोखरूचा काटा. उन्हाळ्यात बांधावर चप्पल नसली की पायात मोडतो तो.