उदास मांजराच्या चित्रावर ओळ लिहिली की हसू का जातं? (चर्चा; तळटीप, शब्दखुळा, अनुस्वार, जोडाक्षर ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप:
एक रिअ‍ॅक्शन इमेज (शब्दांऐवजी प्रतिक्रिया म्हणून पाठवायचं चित्र) आहे: मांजर, डोळे पाण्याने भरलेले, मान खाली, मागे पांढरी भिंत. चौरस, १०८० बाय १०८० पिक्सेल. तिच्यावर मराठीत विनोदी ओळ हवी आहे. आतापर्यंत लिहिलेल्या तीन:

जेव्हा तुम्ही खूप दुःखी असता
मी जेव्हा सोमवार येतो
आयुष्याने मला पुन्हा एकदा धोका दिला

चित्र नुसतं पाठवलं तर लोक हसतात, ओळ लावली की गप्प. नेमकं काय चुकतंय? शिवाय वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, त्याचंही सांगा.

शब्दखुळा:
नुसत्या चित्राला हसू येतं, यातच उत्तर आहे. दुःख दाखवायचं काम मांजराने पुरं केलंय. ओळीने फक्त कारण सांगायचं, आणि ते त्या डोळ्यांपुढे अगदी क्षुल्लक हवं. तुमच्या पहिल्या ओळीत कारणच नाही. दुसरीत आहे, पण वापरून झिजलेलं. तिसरीत ते चेहऱ्याइतकंच मोठं आहे, म्हणून वाचणाऱ्याला हसण्याऐवजी विचारपूस करावीशी वाटते.

एक प्रसंग घ्या आणि तो दोनदा लहान करा. 'फोन बंद पडला.' लहान केला: 'रात्रभर लावूनही फोन चार्ज झाला नाही.' आणखी लहान: 'फोन रात्रभर चार्जिंगला. बटण बंद.' आता वाचणाऱ्याला ते बटण दिसतं. पहिल्या खेपेला सुचलेलं बहुधा सगळ्यांनाच सुचलेलं असतं; पण चार-पाचदा लहान करत गेलात तर ते लिहिणाऱ्यापुरतंच उरतं.

दुःख, अश्रू, मन, आयुष्य, नशीब हे शब्द आले की खोडा. रडका इमोजीही नको.

कारण बदललं की चेहरा कसा बदलतो याचं उत्तम उदाहरण बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं. २००९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समारंभात बोलताना त्याचे अश्रू ओघळले. प्रसंग सन्मानाचा होता. पुढे तोच चेहरा कापून हरलेल्या खेळाडूंच्या धडावर चिकटवला जाऊ लागला.

अनुस्वार:
कारणाबद्दल सहमत. पण मराठीत रचनाही घात करते. 'जेव्हा' आलं की कान 'तेव्हा'ची वाट बघतो, आणि 'मी जेव्हा सोमवार येतो' हे तर मराठी वाक्यच नाही. '-ल्यावर' वापरा: 'चौदा ओळींच्या मेसेजला "ओके" आल्यावर'. वाक्य अर्धं राहतं आणि उरलेलं अर्धं म्हणजे मांजर.

दुसरं, क्रियापद शेवटी येतं आणि विनोदाचा शब्द त्याच्या आड दडतो. 'दहा मिनिटं बोलल्यावर कळलं की माइक बंद होता' यात 'होता'वर सगळं विझतं. 'दहा मिनिटं बोललो. माइक बंद.' इतकंच पुरे.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो: क्षुल्लक गोष्टीला भारदस्त भाषा. 'इअरफोनच्या डाव्या बाजूचे अल्पशा आजाराने निधन'. इथे 'बाजूचे'च लिहायचं. 'बाजूचं' लिहिलं की निधनवार्तेचा सूर मोडतो आणि विनोदही. असा सूर एका ओळीपुरताच धरा. दुसऱ्या ओळीत 'शोकाकुल परिवार' आणलात की ताणल्यासारखं होतं.

तळटीप:
मग हे कसं आहे? 'फाइल सेव्ह न करता बंद केल्यावर मला खूप वाईट वाटलं.'

अनुस्वार:
'मला खूप वाईट वाटलं' काढा, ते मांजर सांगतंय. उरलेल्याचा संवाद करा:
कॉम्प्युटर: बदल सेव्ह करायचे?
मी: नाही.
मान खाली घातलेल्या चेहऱ्याला स्वतःची चूक शोभते, म्हणून हे बसतं.

शब्दखुळा:
चेहऱ्याची जात ओळखणं फार महत्त्वाचं आहे. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकातला कमरेवर हात ठेवलेला पाकिस्तानी चाहता वैतागलेला आहे, त्याला दुसऱ्याची चूक हवी. 'हाइड द पेन हॅरल्ड' या मीममधल्या वृद्धाचं तोंड हसतं आणि डोळे दुखतात, म्हणून तो जे मोठ्याने बोलतोय ते लिहा: 'नाही नाही, मला काहीच घाई नाही.' एकाची ओळ दुसऱ्याला लावली की पडते.

जोडाक्षर:
अक्षरांबद्दल. मीममधला नेहमीचा 'इम्पॅक्ट' फॉन्ट १९६५ चा, रोमन लिपीसाठी काढलेला. त्यात देवनागरी नाही, म्हणून अ‍ॅप गुपचूप दुसराच फॉन्ट घालतं. 'मुक्ता' किंवा 'बालू' ठळक वजनात घ्या, दोन्ही मोफत आहेत. १०८० रुंदीला ६४ ते ७२ पिक्सेल आकार, कडेला ६० पिक्सेल मोकळी जागा, जास्तीत जास्त दोन ओळी.

वेलांट्या कापल्या जातात कारण ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. ते १.४ पट करा आणि मजकुराची चौकट वरून थोडी वाढवा. वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल किंवा जोडाक्षरं सुटत असतील तर दोष फॉन्टचा नसून सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा असतो. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर तिच्यात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

पांढऱ्या अक्षरांना काळी किनार देऊ नका. देवनागरीत ती शिरोरेषेच्या सांध्यांवर आडवी येते आणि 'ध', 'भ'च्या गाठी बुजवते. तुमच्याकडे पांढरी भिंत आहेच, थेट काळी अक्षरं लिहा. जागा कमी पडली तर वर २०० पिक्सेलची पांढरी पट्टी जोडा. डोळ्यांवर अक्षर येऊ देऊ नका. पीएनजीमध्ये साठवा, जेपीजीत अक्षरांच्या कडा मळतात.

तळटीप:
हेच चित्र व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर म्हणून चालेल?

जोडाक्षर:
तसंच नाही. स्टिकर ५१२ बाय ५१२ आणि १०० केबीच्या आत लागतो. ६४ ची अक्षरं तिथे ३० वर येतात आणि चॅटमध्ये स्टिकर त्याहून लहान दिसतो. भिंत कापून फक्त मांजराचं डोकं ठेवा आणि 'माइक बंद.' एवढंच ९० पिक्सेलमध्ये खाली लिहा.