मायच्या हाताची पकड १३.५ किलो आली, याचा अर्थ काय घ्यायचा?

अमळनेरची_लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या मायचा आहे. वय ६८, गाव अमळनेर तालुक्यात, उभा जन्म शेतात गेला. मी नाशिकला असते, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते.

आमच्याकडे आखाजीला पुरणाचे मांडे होतात आणि आमच्या गल्लीत ते मायनेच करायचे, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. ज्यांनी मांडा केलाय त्यांना माहीत आहे, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत वाढवत न्यायचा आणि न फाटता उलट्या खापरावर टाकायचा. यंदा तिचे पहिले दोन मांडे खापरापर्यंत पोचलेच नाहीत. तिने हात पुसले आणि म्हणाली, "मना हातमा आते जोर नही ऱ्हायना." चुलीपासून उठली ती थेट आत गेली.

मग बाकीचं माझ्या डोळ्यांना दिसायला लागलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण ती शेजारच्या मुलाकडून उघडून घेते. तिने पिळून वाळत घातलेल्या लुगड्यातून पाणी निथळत राहतं. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकते. मी फोनवर रोज "बरी आहेस ना" विचारत होते आणि ती "हाव" म्हणत होती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "वय झालं, असं होणारच" म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या आठवड्यात गावात शिबिर होतं. तिथल्या मुलीने तिला एक मूठ दाबायचं यंत्र दिलं. उजवा हात १३.५ किलो, डावा १२. कागदावर "सार्कोपेनिया?" असं लिहिलं, म्हणजे वयाबरोबर स्नायू आणि ताकद घटते ते, पण मागे रांग मोठी होती, समजावून सांगायला तिला वेळच मिळाला नाही.

माझ्या शंका: मायचं वजन ६२ किलो आहे, गेल्या वर्षीपेक्षा दोनने जास्तच. मग स्नायू कमी झाले असं कसं म्हणायचं? आणि नुसती मूठ दाबून सगळ्या शरीराचं कसं कळतं? मी तिला दाबायला रबरी चेंडू आणून दिलाय, त्याने आकडा वाढेल का?

फिजिओ_धुळे

ताई, शिबिरातल्या मुलीने प्रश्नचिन्हासह लिहिलं ते बरोबर लिहिलं.

त्या यंत्राला डायनामोमीटर म्हणतात. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेली रेषा अशी: पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि बायकांत १८ पेक्षा कमी असेल तर पकड कमजोर. युरोपची रेषा २७ आणि १६. तुमच्या आईंचा चांगला हात १३.५, म्हणजे कुठल्याही मापाने कमीच. माप घेताना त्या बसलेल्या होत्या का, कोपर काटकोनात होतं का, किती वेळा दाबायला लावलं, हे विचारून घ्या. एकदाच दाबून घेतलेला आकडा मी धरत नाही. मध्ये थोडं थांबून दोन-तीनदा घ्यायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा.

वजनाचं म्हणाल तर काटा स्नायू आणि चरबी वेगळी दाखवत नाही. स्नायू उतरतो, चरबी चढते, काटा जागेवर राहतो किंवा पुढे जातो. शिवाय स्नायू जितका घटतो त्याहून ताकद जास्त वेगाने घटते, कारण स्नायूला हुकूम देणाऱ्या नसाही वयाबरोबर कमी होतात आणि झटक्याने जोर लावणारे तंतू आधी जातात. म्हणून आधी ताकद मोजायची. स्नायू किती उरलाय हे डेक्सा स्कॅनवर (स्नायू आणि चरबी वेगळी मोजणारी क्ष-किरण तपासणी) कळतं, पण उपाय सुरू करायला त्याची वाट बघायची गरज नसते.

मूठच का? हाताची ताकद साधारणपणे सगळ्या अंगाच्या ताकदीबरोबर चालते आणि मोजायला मिनिटभर लागतो. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात भारतही होता. पकड दर ५ किलोने कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला आणि हा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पक्का निघाला. याने घाबरू नका. मूठ कमजोर म्हणून माणूस दगावत नाही, मूठ आतली अवस्था सांगते.

म्हणूनच चेंडू बाजूला ठेवा. चेंडूने मूठ सुधारेल, मांड्या तशाच राहतील, आणि पडण्यापासून वाचवतात त्या मांड्या. आज घरी एवढं करा: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी, पाच वेळा उठायचं-बसायचं, मोबाईलवर वेळ लावा. कोणीतरी शेजारी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायही कमजोर धरायचे.

एरंडोलचा_शेतकरी

ताई, एक विचारा: बोटांना मुंग्या येतात का, खास करून रात्री? माझ्या वडिलांचा उजवा हात १२ आणि डावा २४ आला होता. आम्हीही वयावरच घातलं. निघालं काय, तर मनगटात नस दबलेली. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर व्हायची, त्यांनी कधी सांगितलंच नाही. दोन हातांत एवढा फरक असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अमळनेरची_लेक

दादा, मुंग्या नाहीत, दोन्ही हात सारखेच आहेत. सर, भावाने वेळ लावली, १७ सेकंद. तिसऱ्या वेळेला तिने हात टेकला, म्हणून पुन्हा घेतलं.

खाणं विचारून घेतलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी आणि ठेचा, रात्री खिचडी. दात दुखतो म्हणून शेंगदाणे बंद, हे मला आता कळलं.

फिजिओ_धुळे

१७ म्हणजे पायही आलेच. आणि खरं दुखणं ताटातही आहे. वय झालेल्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईंना ६२ ते ७४ ग्रॅम. तुम्ही सांगितलं त्यात निम्मीही बसत नाहीत. आधी क्रिएटिनिन तपासा, मूत्रपिंड ठीक असेल तरच वाढवा. सोबत साखर, थायरॉईड, जीवनसत्त्व डी आणि बी-१२ बघून घ्या. दात आधी दाखवा.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, नाहीतर फरक पडत नाही. ६८ वय आड येत नाही. १९९० मध्ये बोस्टनला सरासरी नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता, त्यांचीही ताकद कितीतरी वाढली.

पारोळ्याची_माई

बेटा, मी ७३. टोस्टऐवजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दे, उडीद पोटात जातो. दात नसेल तर दुधात कुस्करून. शेंगदाण्याचा कूट भाजीत चालतो, चावायला लागत नाही. वरणाची वाटी घट्ट असू दे, नुसतं पाणी नको. आणि तिचं काम काढून घेऊ नको. माझ्या सुनांनी प्रेमाने हंडे उचलणं बंद केलं आणि वर्षात माझे गुडघे गेले.

अमळनेरची_लेक

कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला सण) झाल्यावर पुन्हा लिहितेय. दात काढला. क्रिएटिनिन ठीक, डी फार कमी होतं, त्याचं औषध झालं. दोन अंडी रोज खाते, पण चुलीवर नाही, अंगणातल्या स्टोव्हवर उकडून. व्यायामाचे दिवस भाऊ कॅलेंडरवर खुणा करून पाळतो, दोन आठवडे कापसाच्या निंदणीत बुडाले.

धुळ्याला जाऊन तीनदा माप घेतलं: उजवा १५.५, डावा १४. खुर्ची १३ सेकंद. १८ च्या खालीच आहे, पण कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक यंदा तिने एकटीने मळली. माई, हंडा तिच्याकडेच ठेवलाय, फक्त लहान घेतलाय. पुढचं माप दिवाळीला.