मदत हवी आहे : एसटीने रतनवाडी ते संगमनेर, प्रवरेच्या काठाने

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर मी, माझी सत्तरीतली आई आणि धाकटी बहीण असे तिघे भांडुपहून भंडारदरा परिसरात जाण्याच्या विचारात आहोत. स्वतःचे वाहन न नेता आणि दिवसभरासाठी जीपही न ठरवता तिकडचा सगळा प्रवास एसटीने करायचा आहे. त्यासाठी त्या भागातील रहिवाशांकडून, तेथे नोकरी केलेल्या शिक्षक व आरोग्यसेवकांकडून, तसेच एसटीने तिकडे हिंडलेल्यांकडून नेमकी माहिती मिळाल्यास फार उपकार होतील.

आईचे बालपण संगमनेरला प्रवरेकाठी गेले. ही नदी उगमापाशी कशी दिसते हे पाहण्याची तिची फार वर्षांची इच्छा आहे, म्हणून प्रवासाची आखणीही नदीच्या ओघानेच केली आहे. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते, पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे, आणि तेथून जवळच तिचे पाणी भंडारदऱ्याच्या जलाशयात मिसळते. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेले हेच पाणी पुढे रंधा धबधब्यावरून, अकोले गावात (विदर्भातले अकोला नव्हे) अगस्ती ऋषींच्या आश्रमाजवळून संगमनेरला पोहोचते. धरणाखालच्या कालव्यांवर पिकलेला ऊस पाहत आई मोठी झाली. पाणी ज्या गावांच्या डोंगरातून येते ती गावे मात्र तिने कधीच पाहिलेली नाहीत.

मुंबईहून जाण्याचा भाग बराचसा ठरला आहे. लोकल कसाऱ्यालाच थांबते आणि पुढचा घाट आईला वाहन बदलत, उभ्याने पार करावा लागू नये, म्हणून सकाळच्या एक्स्प्रेसने इगतपुरीला उतरून घोटी गाठू आणि तेथून बारी, शेंडीमार्गे राजूरकडे जाणारी एसटी पकडू. ही गाडी इगतपुरीच्या स्थानकावरच मिळते की घोटीला येऊन थांबणे श्रेयस्कर, आणि घोटी व राजूरचे आठवडे बाजार कोणत्या वारी भरतात? बाजाराच्या दिवशी फेऱ्या जास्त असतील तर तोच दिवस आम्ही निवडू. आईला बसायला जागा मिळणार नसेल तर तो टाळू.

मुख्य अडचण शेंडीच्या पुढे आहे. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर एका अंगाला मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी आणि दुसऱ्या अंगाला पांजरे, घाटघर, साम्रद अशी गावे आहेत. त्यांपैकी रतनवाडीला संध्याकाळी जाऊन, रात्री गावातच थांबून पहाटे परत फिरणारी मुक्कामी गाडी सध्या आहे का, आणि ती शेंडीहून सुटते की राजूर किंवा अकोल्याहून, हे कळले तर आमचे सगळे वेळापत्रक बसवता येईल. मुक्कामी गाडी असल्यास रतनवाडीतच कोणाच्या घरी राहून जेवणाचे आधी सांगून ठेवू. नसल्यास शेंडीला मुक्काम करून सकाळी जाऊन दुपारी परतता येईल अशी फेरी हवी. घाटघरला कोकणकडा पाहण्याची बहिणीची इच्छा आहे, परंतु साम्रद ते घाटघर या टप्प्यावर एसटी धावते की तेवढे अंतर चालावे लागते? आईला सपाट रस्त्यावर तासभर सावकाश चालता येते, त्याहून अधिक नको. सांधण दरी अर्थातच आम्ही वगळली आहे.

एक दिवस बहीण आणि मी बारीहून कळसूबाई चढणार आहोत. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर, वरच्या शिड्या आणि परतीची उतरण लक्षात घेता बारी फाट्यावरून शेंडीकडे येणारी शेवटची एसटी किती वाजता असते, यावर पहाटे किती लवकर निघायचे हे ठरेल.

तिकिटाबाबतही एक शंका आहे. महिलांना एसटीत निम्मे भाडे असल्याने आई आणि बहीण यांच्यासाठी चार दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास घेण्यात अर्थ दिसत नाही. मात्र माझ्यापुरता तो घेतला, तर इतक्या लहान टप्प्यांच्या प्रवासात परवडेल का?

जीप ठरवली तर हे सगळे एका दिवसात उरकेल, याची मला पूर्ण कल्पना आहे, आणि तसा सल्ला प्रेमानेच दिला जाईल हेही जाणतो. तरीही आईला बाजाराला निघालेल्या बायकांशेजारी बसून, त्यांच्याशी बोलत हा प्रदेश पाहायचा आहे. शिवाय दुर्गम गावांच्या फेऱ्या प्रवाशांवरच टिकतात. आमच्यासारख्या पाहुण्यांनीही तीच तिकिटे काढली तर दवाखान्याला आणि कॉलेजला जाणाऱ्या तेथील लोकांच्या गाडीला तेवढाच आधार होतो, असे मला मनापासून वाटते.

अकोल्याहून संगमनेर आणि तेथून आळेफाटा, माळशेज घाटमार्गे कल्याण या परतीच्या वाटेची चिंता नाही. रतनवाडीच्या गाडीची खात्री झाली की त्या दिवसाच्या हिशेबाने इगतपुरीचे आरक्षण करणार आहे, म्हणून अलीकडे त्या गाडीने प्रवास केलेल्या कोणी वेळा कळवल्यास सर्वांत आधी त्याच हव्या आहेत.