आम्ल स्वस्त, उष्णता हाताशी, मग कारखाने नाजूक एन्झाइम का वापरतात?

कार्बनकन्या

नमस्कार मंडळी, मी केमिस्ट्री शिकतेय, सध्या औद्योगिक एन्झाइमचा पेपर आहे आणि कुठलंही पुस्तक उघडलं की तेच, एन्झाइम कमी तापमानाला काम करतात, पर्यावरणाला बरे, निवडक असतात वगैरे. पाठ करून मार्क मिळतील पण मला हिशोबच लागत नाहीये. आम्ल स्वस्त, कितीही उकळलं तरी बिघडत नाही, आणि एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीन, जरा जास्त तापलं किंवा पीएच हलला की गेलं कामातून. स्टार्चपासून ग्लुकोज आम्लानेही होतंच ना? मग सिरप, कापड, चामडं, चीज, औषधं सगळीकडे हे शिरले कसे? आणि दुसरं, काम झाल्यावर ते मालात तसंच राहतं का? ज्यांनी प्लँटमध्ये काम केलंय त्यांनी सांगा प्लीज, व्याख्या नकोत, त्या आहेत माझ्याकडे.

सिरपवाला

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. आम्लानेच सुरुवात झाली होती, किर्खहोफने १८११ च्या सुमाराला सल्फ्युरिक आम्लात स्टार्च उकळून गोड सिरप केलं आणि पुढे दीडशे वर्षं जवळपास तीच पद्धत चालली. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सोझ यांनी माल्टमधून डायास्टेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, वेगळं केलं होतं तरीसुद्धा.

अडचण कुठे येते ते सांगतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, त्या किती तुटल्या त्याच्या मापाला आम्ही डीई म्हणतो, शुद्ध ग्लुकोजचा डीई १००. आम्लाने साधारण ५५ पर्यंत ठीक, त्यापुढे ताणलं की आम्ल ग्लुकोजलाच खायला लागतं, रंग येतो, कडवटपणा येतो, ग्लुकोजचे रेणू परत एकमेकांना चुकीच्या पद्धतीने चिकटतात, आणि शेवटी आम्ल मारायला अल्कली घातली की मीठ तयार होतं, ते काढत बसा. म्हणजे आम्ल स्वस्त पडतं ते फक्त टाकीत ओतेपर्यंत, खरा खर्च त्याच्यानंतरच्या सफाईत असतो. पुस्तकात हे एका ओळीत येतं पण कारखान्याचं गणित सगळं इथेच फिरतं. १९६० च्या दशकात ग्लुकोअमायलेज, म्हणजे साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सुटा करणारं एन्झाइम, बाजारात नीट मिळायला लागलं तसे लोक झपाट्याने तिकडे वळले, कारण त्याने डीई ९५ च्या वर जातो आणि पाक स्वच्छ राहतो.

नाजूकपणाबद्दल. आपल्या शरीरातले एन्झाइम डोळ्यासमोर ठेवू नका. ३०-३५ टक्के स्टार्चची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेला स्टार्च, आम्ही अल्फा-अमायलेज (लांब साखळ्यांचे तुकडे करणारं एन्झाइम) घालून जेट कुकरमधून, म्हणजे वाफेच्या झोताने तापवणाऱ्या यंत्रातून, १०५ अंशाला पाच-सात मिनिटं काढतो, मग ९५ अंशाला तास-दोन तास ठेवतो, आणि ते टिकतं, कारण ते उष्णता सोसणाऱ्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंकडून घेतलेलं असतं. मग थंड करून ६० अंश, पीएच ४.३ च्या आसपास, ग्लुकोअमायलेज, आणि दोन-एक दिवस टाकी फिरत राहते. इथे नवखा माणूस एक चूक हमखास करतो, त्याला वाटतं अजून थोडं ठेवलं तर अजून ग्लुकोज मिळेल. नाही मिळत! एका टोकाला पोचल्यावर तेच एन्झाइम उलटं चालायला लागतं आणि ग्लुकोज जोडून आयसोमाल्टोज बनवतं, त्यामुळे ग्लुकोजचं प्रमाण चढतं आणि मग उतरतं, तो माथा गाठला की लगेच थांबवायचं.

फ्रुक्टोज करायचं असेल तर पुढची पायरी ग्लुकोज आयसोमरेज, हे मोकळं घालत नाहीत, दाण्यांवर बसवून कॉलममध्ये भरतात आणि पाक वरून सोडतात. एकदा भरलेला कॉलम महिनोन् महिने चालतो. जसजशी त्याची ताकद कमी होते तसतसा पाकाचा वेग कमी करत न्यायचा म्हणजे बाहेर येणाऱ्या मालात फ्रुक्टोज ४२ टक्क्यांवर कायम राहतं. गंमत बघा, जुन्या अमायलेजला टिकून राहायला कॅल्शियम लागायचं आणि आयसोमरेजला नेमकं कॅल्शियमच चालत नाही, त्याला मॅग्नेशियम हवं, म्हणून मधे आयन एक्स्चेंज लावून कॅल्शियम काढावं लागायचं. एक एन्झाइम बदललं की पुढच्या दोन पायऱ्यांची मांडणी बदलते ती अशी. आता कमी कॅल्शियमवर चालणारी अमायलेज आली आहेत, त्यामुळे तो त्रास बराच कमी झालाय.

रंगारी

सिरपवाल्यांनी छान सांगितलं, मी कापडाच्या बाजूने भर घालतो. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चची खळ लावतात, रंगवायच्या आधी ती काढावीच लागते नाहीतर रंग डागाडागाने बसतो. पूर्वी आम्लाने किंवा ऑक्सिडायझरने काढायचे. आता स्टार्च काय आणि कापसाचा सेल्युलोज काय, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, आम्लाला काय कळतंय खळ कुठली आणि कापड कुठलं, ते दोन्ही खातं आणि कापड कमकुवत होतं. अमायलेज फक्त अल्फा जोड तोडतं, सेल्युलोजमध्ये बीटा जोड असतात त्यांना हात लावत नाही. ‘निवडक’ म्हणतात ते हे.

डेनिमचं उलटं. तिथे मुद्दाम सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, वापरतो. इंडिगो धाग्याच्या वरच्या थरातच असतो, सेल्युलेजने वरचा थर हलका सुटला आणि मशीनमध्ये घासला गेला की तो जुनापुराणा लुक येतो. पूर्वी हे सगळं प्युमिस दगडांनी व्हायचं, दगड झिजून वाळू व्हायची, खिशाखिशात वाळू, गटारं तुंबायची, मशीनचे ड्रम खराब व्हायचे. पण सेल्युलेज वेळेत थांबवलं नाही तर ते शिवणी आणि कापड दोन्ही पातळ करतं, त्यामुळे वेळ झाली की लगेच पीएच १० च्या वर आणि तापमान ८० अंशांकडे. थांबवणं हे सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, आमच्या सुपरवायझर बाई नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते कॅटलेज. हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच केल्यावर थोडं पेरॉक्साइड उरतं आणि ते रिअॅक्टिव्ह रंगाची वाट लावतं, म्हणून धुवा, परत धुवा, परत धुवा. कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं आणि त्याच पाण्यात पुढे रंगवता येतं. जे पाणी आणि वाफ वाचते तिच्यापुढे एन्झाइमची किंमत काहीच नाही.

चामड्याचं विचारलंत म्हणून. कातडं मऊ करायला शतकानुशतकं कुत्र्याची विष्ठा आणि कबुतरांची विष्ठा वापरायचे, खरंच. त्यातलं काम प्रोटीन तोडणारे एन्झाइम करतात हे ओळखून ओटो रोहमने १९०८ च्या आसपास प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या अर्कापासून त्याला पर्याय काढला. ते काम करणाऱ्या लोकांची त्यातून सुटका झाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कार्बनकन्या

बापरे, एवढं सविस्तर, खूप आभार दोघांचे! ग्लुकोअमायलेज उलटं चालतं हे कुठेच वाचलं नव्हतं, म्हणजे समतोलाचाच प्रश्न, घट्ट पाकात पाणी कमी म्हणून. मग डिटर्जंटचं काय? तिथे तर अल्कली, ब्लीच, सगळेच शत्रू.

मुखवटा_लावा

डिटर्जंटवर मी लिहिते, पण आधी सुरक्षेचं लिहिणार, कारण तुम्ही उद्या नोकरीला लागाल.

त्याच रोहमने १९१३ मध्ये ट्रिप्सिनवाल्या (स्वादुपिंडातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम) धुण्याच्या पावडरचं पेटंट घेतलं होतं, पण ट्रिप्सिन धुण्याच्या पाण्यात नीट टिकायचं नाही. खरी लाट १९६० च्या दशकात, बॅसिलसमधून येणारी सबटिलिसिन जातीची प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइम, अल्कलीतही चालतात हे जमल्यावर. तेव्हा ती बारीक भुकटी म्हणून मिसळली जायची आणि कारखान्यातल्या कामगारांना दमा व्हायला लागला. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. एन्झाइम विषारी नसतं, पण प्रोटीन श्वासातून आत जात राहिलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि एकदा तसं झालं की नंतर अगदी थोड्या धुळीनेही त्रास होतो, ते परत फिरत नाही. त्यानंतर एन्झाइमचे दाणे करून त्यावर मेणासारख्या पदार्थाचं आवरण द्यायला लागले. सबटिलिसिनसाठी अमेरिकेतल्या हायजिनिस्टांच्या संघटनेने हवेतली मर्यादा घनमीटरला ६० नॅनोग्रॅम ठेवली आहे, ग्रॅमचे अब्जावे भाग, विचार करा.

तर लक्षात ठेवा, सांडलेली भुकटी झाडूने झाडायची नाही, कॉम्प्रेस्ड एअरने उडवायची तर मुळीच नाही, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं. आणि द्रवरूप एन्झाइम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, प्रेशरच्या पाइपने सांडलेलं धुतलं की तुषार उडतात आणि ते नाकात जातात. बेकरीतही हाच धोका आहे, पिठात मिसळायच्या अमायलेजच्या भुकटीने दमा झालेले लोक आहेत. खाण्यात आलं तर काही नाही, श्वासात नको.

आता ब्लीचचं उत्तर. सबटिलिसिनच्या साखळीत २२२ नंबरच्या जागी मेथिओनीन हे अमिनो आम्ल असतं, ब्लीच नेमकं त्याचंच ऑक्सिडेशन करतं आणि एन्झाइम मंदावतं. १९८० च्या दशकात संशोधकांनी ती एक जागा बदलून दुसरं अमिनो आम्ल बसवलं आणि ते ब्लीचमध्ये टिकायला लागलं. एक जागा फक्त!

दह्यादुधाचा

उरलेल्या प्रश्नावर येतो, मालात राहतं का. उत्तर पदार्थागणिक वेगळं आहे. ब्रेडमध्ये घातलेलं अमायलेज भाजताना मरतं, राहतं ते निकामी प्रोटीन, इतर प्रोटीनसारखं पचून जातं. फळांच्या रसात पेक्टिनेज घालतात, रस निघायला आणि नितळ व्हायला, तेही नंतर पाश्चरायझेशनमध्ये संपतं.

चीजचं वेगळं. दूध फाडायला, म्हणजे जमवायला, जे कायमोसिन नावाचं एन्झाइम घालतो ते बहुतेक पाण्याबरोबर (त्याला व्हे म्हणतात) निघून जातं पण थोडं चीजमध्ये अडकतं आणि मुरवणीच्या महिन्यांमध्ये हळूहळू प्रोटीन तोडत राहतं, चवीचा भाग त्याच्यामुळे. ते जास्त अंदाधुंद तोडणारं असेल तर चीज कडू. पूर्वी हे वासराच्या पोटातून यायचं, १९९० मध्ये अमेरिकेत जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिनला मंजुरी मिळाली, खाद्यपदार्थांसाठी त्या प्रकारचं ते पहिलं एन्झाइम. बुरशीपासूनचंही एक मिळतं, त्याची भानगड अशी होती की ते इतकं चिवट की पाश्चरायझेशननंतरही व्हेमध्ये जिवंत राहायचं, आणि ती व्हे पुढे लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत वगैरे जाते. मग त्याला रासायनिकरीत्या मुद्दाम कमजोर केलं, लवकर मरावं म्हणून. इतर सगळे एन्झाइम टिकाऊ करायच्या मागे आणि इथे उलटा प्रवास.

लॅक्टोजमुक्त दुधात लॅक्टेज असतं, लॅक्टोज तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं म्हणून ते दूध जास्त गोड लागतं, साखर घातलेली नसते. इथे शुद्धता फार सांभाळावी लागते. यीस्टपासूनच्या लॅक्टेजमध्ये अरिलसल्फाटेज नावाचं दुसरं एन्झाइम चिकटून आलं तर महिनोन् महिने ठेवायच्या यूएचटी दुधात गोठ्यासारखा वास येतो. आपण लॅक्टेज विकत घेतो पण टाकीत जातं ते सगळं मिश्रण, हे विसरून चालत नाही.

सहा_एपीए

औषधांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. पेनिसिलीन जी ची बाजूची साखळी तोडून ६-एपीए, म्हणजे पेनिसिलिनचा मूळ गाभा, करतात, त्यातून पुढची सेमीसिंथेटिक पेनिसिलिनं होतात. रेणूत दोन अमाइड जोड, एक तोडायचा आणि दुसरा बीटा-लॅक्टम या छोट्या कड्यातला, जो जास्त ताणलेला आणि सहज तुटणारा, तो वाचवायचा. रसायनाने करायचं तर फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनवाले सॉल्व्हंट, उणे ४० अंश. पेनिसिलीन अॅसिलेज हेच पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या आसपास करतं. आणि निसर्गात मिळतं ते पुरलं नाही तर प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या बदल करून हवं तसं घडवता येतं, फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ चं नोबेल त्याच कामासाठी.

कार्बनकन्या

शेवटचं विचारते, दोन पुरवठादारांचं एन्झाइम तुलना करायचं तर किलोच्या भावाने करायचं का?

सिरपवाला

किलोने अजिबात नाही, एन्झाइम अॅक्टिव्हिटीवर, म्हणजे ते किती काम करतं त्यावर, युनिटमध्ये मोजून विकलं जातं. पण युनिटवरही डोळे झाकून जाऊ नका, एकाचं युनिट ४० अंशाला आणि पातळ स्टार्चवर मोजलेलं असतं, दुसऱ्याचं वेगळ्याच पीएचला, आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. दोन्हीचे नमुने मागवा, तुमचीच स्लरी, तुमचंच तापमान, तुमचंच पाणी घेऊन लहान बॅच लावा आणि एक टन ग्लुकोजला कुठलं किती लागलं ते बघा. पाण्याचं मुद्दाम म्हणतोय, कॅल्शियम आठवतंय ना.