विमान आवडतं, विमानतळ सोसावा लागतो

खिडकीपाशी

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडते.

मला विमानप्रवास मनापासून आवडतो. पन्नाशी उलटली, कामानिमित्त कितीतरी फेऱ्या झाल्या, तरी धावपट्टीच्या टोकाला विमान वळून क्षणभर थांबतं, इंजिनांचा आवाज चढत जातो, पाठ सीटला चिकटते, तेव्हा पोटात अजून तसंच होतं जसं पहिल्या खेपेला झालं होतं. खालची खडखड एकाएकी थांबते. चाकं सुटली! हा क्षण मी आजवर एकदाही झोपेत घालवलेला नाही.

गेल्या महिन्यात उतरताना आम्ही ढगांच्या अगदी जवळ आलो आणि ढगांवर आमच्या विमानाची सावली दिसायला लागली. तिच्याभोवती रंगीत कडं, आत निळसर, बाहेर तांबूस. याला ग्लोरी म्हणतात. ढगातले बारीक थेंब सूर्याचा प्रकाश आल्या दिशेला परत पाठवतात, त्यातून ही कडी उमटतात. या कड्याचा मध्य विमानाच्या मध्यावर नसतो, बघणारा जिथे बसलाय तिथे असतो. मी पंखाच्या बरीच मागे होते, तर कडं सावलीच्या शेपटीकडे सरकलेलं. म्हणजे त्या विमानात खिडकीशी बसलेल्या प्रत्येकाचं कडं वेगळं. हे कळल्यापासून मी खिडकीची जागा सोडतच नाही.

आणि हे सगळं मिळवायला आधी विमानतळ पार करायचा. दीड तासाच्या उड्डाणासाठी तीन तास आधी या, रांग, मग दुसरी रांग, मग गेट बदललं म्हणून धावा, आणि ते गेटही उड्डाणाच्या वीस मिनिटं आधीच बंद. इतकं आधी का बंद करतात?

याच खेपेला तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये टाकलेला, एका हाताने पँट धरलेली, दुसऱ्या हाताने ट्रे पुढे ढकलायची धडपड. पायात फक्त मोजे. बायको यंत्रापलीकडे गेलेली, तिची पर्स यांच्या ट्रेमध्ये. तपासणीतली एक मुलगी सारखं "चला, पुढे चला" करतेय. पलीकडे गेल्यावर बूट घालायला बसायला कुठे जागाच नव्हती. शेवटी ते खांबाला टेकून एका पायावर उभे राहिले आणि त्यांच्या बायकोने खाली वाकून नाडी बांधली.

सुरक्षा हवी, त्याबद्दल माझा वाद नाही. पण सुरक्षेसाठी माणसाला इतकं ओशाळवाणं करायलाच हवं का? तुम्हाला काय वाटतं?

अल्पविराम

शब्दाशब्दाशी सहमत. विमानात बसल्यावर मला पहिल्यांदा मोठा श्वास घेता येतो, कारण आता कोणी काही काढायला, दाखवायला, उचलायला सांगणार नसतं.

तिसरी पाळी

मी असहमत आहे, आणि जरा सविस्तर लिहितो. मी विमानतळावर रॅम्पवर काम करतो, म्हणजे विमानाच्या पोटात सामान चढवणं-उतरवणं. तुम्ही ज्याला त्रास म्हणता त्यातला प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या अपघातातून किंवा घातपातातून आला आहे.

एक काळ होता की लोक थेट विमानापर्यंत चालत जायचे. १९६८ ते १९७२ या काळात एकट्या अमेरिकेत विमान पळवण्याचे शंभरावर प्रकार झाले. तेव्हा कुठे जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमान कोसळलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २७० जीव गेले. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात नव्हताच. त्यानंतर प्रवासी आणि त्याचं सामान यांचा मेळ घालण्याचा नियम जगभर कडक झाला. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, हा आमचा रोजचा धडा आहे.

आता तुमच्या "गेट इतकं आधी का बंद करतात" या नेहमीच्या तक्रारीकडे येतो. एका रात्री पाऊस कोसळत होता, दार बंद करायच्या वेळी वरून निरोप आला की एक प्रवासी आलेला नाही. चेक-इन झालेलं, बॅग आत. आम्ही चौघांनी भिजत पन्नासेक बॅगा खाली काढल्या, प्रत्येकीची चिठ्ठी टॉर्चखाली धरून नंबर जुळवत गेलो. ती बॅग सर्वांत तळाशी होती. तोवर उड्डाणाची नेमून दिलेली वेळ हुकली आणि विमान पुढच्या वेळेची वाट बघत उभं राहिलं. दीडशे माणसं आत ताटकळली. तो प्रवासी गेटपासून थोड्या अंतरावर खुर्चीत झोपला होता.

ही वीस मिनिटं आम्हाला अडवणूक करायला नको असतात. वजनाचा हिशेब पूर्ण करून वैमानिकाच्या हातात द्यायचा असतो, दारं लावायची असतात, आणि कोणी आलं नाही तर ही शोधाशोध करायची असते.

खिडकीपाशी

तिसरी पाळी, हे मला ठाऊक नव्हतं. गेटबद्दलचा माझा राग मी मागे घेते. पण खांबाला टेकलेल्या त्या गृहस्थांना एक बाक मिळाला असता तर कुठला नियम मोडला असता, एवढं सांगा.

सावकाश

माझं बरोबर उलटं आहे, म्हणून लिहितोय. मला विमानतळ आवडतात आणि विमान सोसावं लागतं.

विमानाच्या आत काय असतं ते बघा. केबिनमधला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. बहुतेक विमानांत तो जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतपत ठेवतात, काही नव्या विमानांत १८०० मीटरपर्यंत आणला आहे. हवा वाळवंटासारखी कोरडी. मला सायनसचा जुना त्रास आहे. विमान उतरायला लागलं की भुवयांच्या मधोमध कोणी खिळा ठोकतंय असं वाटतं. मागे एकदा चाकं टेकल्यावरही अर्धा दिवस एका कानाने ऐकू येत नव्हतं. तुमची ग्लोरी मला कधी दिसली नाही, कारण उतरताना मी डोळे घट्ट मिटून, नाक दाबून बसलेलो असतो.

विमानतळावर मात्र मी मुद्दाम लवकर जातो. पहाटे चारला ते मोठं काचेचं दालन, बाहेर दिव्यांच्या रांगा, फरशी पुसणारं यंत्र हळूहळू जातंय, कोणीतरी बॅगेवर डोकं ठेवून झोपलंय. पाटीवर अशा शहरांची नावं सरकतात जिथे मी कधी जाणार नाही. आणि आगमनाच्या दाराशी तर मी तासभर उभा राहू शकतो. एकदा एक आजीबाई बाहेर आल्या, ट्रॉली तशीच सोडून दिली आणि समोरच्या तरुण मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसत्या बघत राहिल्या. मागच्यांची वाट अडली होती, पण कोणी काही बोललं नाही. ट्रॉली मी बाजूला घेतली.

तुम्ही खिडकीतून ढग बघता, मी ही माणसं बघतो.

नकाशा

सावकाश, सुंदर लिहिलंत. पण मूळ मुद्द्यावर मी खिडकीपाशींच्या बाजूने. तिसरी पाळींनी नियम कुठून आले ते नीट सांगितलं. पण नियम आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रास हा बहुतेक वेळा इमारतीतून, यंत्रांतून आणि अपुऱ्या माणसांतून येतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा विमानतळ बघा. १९७२ मध्ये उघडला तेव्हा कल्पना फार छान होती. गोलाकार टर्मिनल, गाडीतून उतरा, थोडी पावलं चाला की समोर गेट. काही आठवड्यांतच ती सक्तीची तपासणी आली. इमारत अरुंद, त्यामुळे ठिकठिकाणी वेगळी तपासणी बसवावी लागली, आणि तपासणी ओलांडल्यावर बसायला पुरेशी जागाच नाही. लोकांनी अशीच पन्नास वर्षं काढली. २०२३ मध्ये एकच मोठं टर्मिनल बांधलं तेव्हा सुटका झाली. नियम सगळीकडे सारखेच होते, जाच मात्र इमारतीमुळे वाढला.

दुसरं, बूट. अमेरिकेत २००६ पासून बूट काढायची सक्ती होती, जुलै २०२५ मध्ये ती उठवली. म्हणजे जवळपास एकोणीस वर्षं कोट्यवधी माणसं अनवाणी चालली ती यंत्रांना बूट पायात असताना भरवशाने तपासता येत नव्हते म्हणून. यंत्र सुधारलं की अपमान कमी होतो.

आणि तिसरं, विमानात चढणं. जेसन स्टेफन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये एक पद्धत मांडली. मागून सुरुवात, आधी खिडकीवाले, तेही एक रांग सोडून एक, म्हणजे बॅग वर ठेवताना कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. पुढे नमुन्याच्या केबिनमध्ये ७२ जणांना घेऊन ती करून पाहिली तेव्हा गटागटाने चढवण्याच्या मानाने साधारण निम्मा वेळ लागला. तरी आपण विमानाच्या दाराकडे नेणाऱ्या बोगद्यात उभेच. का? कारण वेळ वाचवण्यापेक्षा आधी चढण्याचा मान विकणं फायद्याचं आहे.

पाऊलवाट

नकाशा, ही पद्धत कागदावर ठीक आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. त्याची खिडकी आणि माझी मधली सीट. तुमच्या हिशेबाने तो एकटा आधी चढणार आणि मी पाच मिनिटांनी? माणसं कुटुंबाने येतात हो.

रांगेबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. त्याच्यासाठी ते दालन म्हणजे सगळीकडून आवाज, प्रकाश आणि धक्के. एकदा तपासणीत त्याची हातातली छोटी गाडी ट्रेमध्ये टाकायला सांगितली. ती यंत्राच्या काळ्या पडद्याआड गेली आणि त्याने जमिनीवर अंग टाकलं. मागची माणसं बघत होती. मी त्याच्याजवळ फरशीवर बसले, तर "रांग थांबवू नका" असं ऐकावं लागलं.

पुढच्या खेपेला आम्ही सूर्यफुलांची हिरवी फीत त्याच्या गळ्यात घातली. न दिसणाऱ्या अपंगत्वाची ही खूण २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता बऱ्याच विमानतळांवर ओळखतात. तपासणीतल्या बाई खाली बसल्या, त्याच्या उंचीला आल्या, गाडी आधी स्वतःच्या हातावर घेतली आणि त्याला पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवलं की गाडी इथून बाहेर येते. आली. त्याने टाळी वाजवली. नियम तोच होता आणि यंत्रही तेच. फार तर चाळीस सेकंद जास्त लागले असतील.

तिसरी पाळी

पाऊलवाट, तुमच्यावर जे ओरडले त्यांच्या वतीने मला वाईट वाटलं. ती चाळीस सेकंद द्यायलाच हवीत.

पण नकाशा, यंत्र आलं की सुटलं, इतकं ते सोपं नाही. द्रवपदार्थांचंच घ्या. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, त्यातून १०० मिलिलिटरचा नियम आला. आता बॅगेचं त्रिमितीय चित्र दाखवणारी सीटी यंत्रं आली आहेत. ती इतकी जड की काही ठिकाणी आधी फरशी मजबूत करावी लागली. ब्रिटनने जून २०२४ ची मुदत ठरवली होती, बऱ्याच मोठ्या विमानतळांना ती गाठता आली नाही. युरोपात काही ठिकाणी मर्यादा उठलीही होती, पण सप्टेंबर २०२४ पासून या यंत्रांवरही काही काळ १०० मिलिलिटरची मर्यादा परत आणली होती. लोक बाटल्या घेऊन आले आणि तपासणीतल्या माणसांनी त्या काढून घेतल्या. शिव्या त्यांनी खाल्ल्या. निर्णय त्यांचा नव्हता. ती माणसं आठ-आठ तास उभी असतात, त्यांनाही बाक नसतो.

नकाशा

मान्य. मग बाक दोन्ही बाजूंना मागूया. आणि नियम बदलला की तो प्रवाशाला तिकिटाबरोबरच ठळक कळवा, रांगेच्या टोकाशी नव्हे.

अल्पविराम

लांब पल्ला नसेल तर आगगाडीच धरावी, असं मी आता ठरवून टाकलंय. माद्रिद–बार्सिलोना हे अंतर वेगवान गाडी २००८ पासून अडीच-तीन तासांत तोडते आणि त्या मार्गावरचे बहुसंख्य प्रवासी विमान सोडून गाडीकडे गेले. शहराच्या मध्यात बसा, मध्यात उतरा.

खिडकीपाशी

अल्पविराम, आगगाडीबद्दल खरंय, पण मग मला ती खडखड थांबण्याचा क्षण कुठून मिळणार! त्यासाठी मी रांगेत उभी राहीन.

तिसरी पाळी, तपासणीतल्या माणसांना बाक नसतो हे तुम्ही लिहिलंत आणि मी थांबले. त्या दिवशी "चला, पुढे चला" म्हणणाऱ्या मुलीचा मला फार राग आला होता. ती किती तास उभी होती हे मी विचारलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. त्या गृहस्थांची मान खाली गेली होती, ती कुठल्याच धोक्याच्या कारणाने जायला नको होती. त्या विमानतळाला मी आज पत्र लिहिलंय. यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाक, टेकायला दांडा, आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आळीपाळीने बसायची सोय, एवढंच मागितलंय. उत्तर आलं की इथे टाकते.

येत्या शुक्रवारी संध्याकाळची फ्लाइट आहे, सूर्यास्ताच्या सुमाराला, थेट उत्तरेकडे. पृथ्वीची सावली आकाशात चढताना दिसते असं वाचलंय. कुठल्या बाजूची खिडकी घेऊ?

तिसरी पाळी

उजवी घ्या, पूर्व त्या बाजूला येईल. सूर्य बुडाला की क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसेल आणि त्याच्या वर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे सावली, ती हळूहळू वर चढते. पाऊस नसला की आम्हालाही रॅम्पवरून दिसते. संध्याकाळच्या शेवटच्या विमानाचं सामान चढवून झालं की मी दोन मिनिटं तिकडेच बघत उभा असतो.